जॉय डिव्हिजन ऐकून झाल्यावर पुढे काय? माझं उत्तर : द साऊंड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही मूळचे पुण्याचे, कामानिमित्त पणजीत राहता. जॉय डिव्हिजन, द क्युअर, एको अँड द बनीमेन हे १९८० च्या आसपासचे इंग्लिश बँड ऐकून झाले. इथे जाल तिथे ट्रान्स (पार्ट्यांमधलं इलेक्ट्रॉनिक संगीत) नाहीतर हिंदी सिनेमाची गाणी. त्याच काळातला, चांगला असूनही लोकांच्या नजरेतून सुटलेला एखादा पोस्ट-पंक (पंकच्या पाठोपाठ आलेल्या रॉकचा) बँड तुम्हाला हवा आहे, आणि तो मागे का पडला हेही जाणून घ्यायचं आहे.

द साऊंड. या प्रश्नाला माझ्याकडे गेली कित्येक वर्षं हे एकच उत्तर आहे आणि ते द्यायची संधी मी सोडत नाही.

दक्षिण लंडनमधला, विम्बल्डनच्या बाजूचा चार जणांचा बँड. १९७९ मध्ये सुरू झाला, १९८८ मध्ये मोडला. एड्रियन बोरलंड गायचा आणि गिटार वाजवायचा, बेसवर ग्रॅहम बेली, ड्रम्सवर माइक डडली. की-बोर्डवर आधी बेनिता मार्शल होती, पहिल्या अल्बमनंतर कॉल्विन मेयर्स आला, त्याला सगळे मॅक्स म्हणायचे. अल्बम आणि गाणी मोजली तर फार पसारा नाही. एका पावसाळ्यात सगळं नीट ऐकून होईल.

सुरुवात १९८१ च्या ‘फ्रॉम द लायन्स माउथ’पासून करा. पहिला अल्बम ‘जेपर्डी’ हा आहे, पण तो नंतर घ्या, कारण पुढे सांगतो. ‘लायन्स माउथ’चं पहिलंच गाणं ‘विनिंग’. संथ सुरू होतं, की-बोर्डचा एक लांब स्वर आणि त्याखाली बेस. गाण्यातला माणूस बुडायला आलेला आहे, आणि तो हातपाय मारायचं ठरवतो. गाण्यात घडतं ते एवढंच. पण बोरलंड ते ज्या तऱ्हेने म्हणतो, त्यात एका अक्षराचाही तोरा नाही. ‘मी तरणार’ असं कुणी स्वतःलाच बजावून सांगावं, पुन्हा सांगावं, कारण एकदा सांगून खात्री पटलेली नाही, तसा तो आवाज आहे.

मला या बँडबद्दल जे सांगायचं आहे ते इथेच आहे. पोस्ट-पंकवर लिहिणारे लोक द साऊंडला जॉय डिव्हिजनच्या सावलीतला आणखी एक उदास बँड म्हणून एका ओळीत संपवतात. कालक्रम त्यांच्या बाजूने आहे : जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस मे १९८० मध्ये गेला आणि ‘जेपर्डी’ त्याच वर्षी नोव्हेंबरात आला. अंधारा बेस, थंड की-बोर्ड, जड पुरुषी आवाज. त्यामुळे तुलना झालीच. पण कान देऊन ऐकलंत तर दिशा उलटी आहे. कर्टिसचं गाणं अंधारात उतरत जातं आणि तिथेच राहतं, त्याची ताकद त्या न परतण्यात आहे. बोरलंड त्याच अंधारात उभा राहून बाहेर पडायची वाट शोधतो. ‘सेन्स ऑफ पर्पज’मध्ये तो जगण्याला हेतू मागतो, अक्षरशः मागतो. ‘फ्रॉम द लायन्स माउथ’च्या मुखपृष्ठावर ब्रिटन रिव्हिएर या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराचं बायबलमधल्या डॅनियलचं चित्र आहे, सिंहांच्या गुहेत टाकलेला आणि तरीही उभा असलेला. ते चित्र निवडणाऱ्यांना आपण काय गातो आहोत हे पक्कं ठाऊक होतं.

१९८१ च्या इंग्लंडमध्ये अशी आर्जवी, सरळ बोलणारी गाणी गाणं धाडसाचं होतं. त्या वेळी अलिप्तपणाला किंमत होती. अंगावर विशिष्ट कपडे, केसांची विशिष्ट तऱ्हा, मुलाखतीत तुटक बोलणं. द साऊंडच्या फोटोंत चार साधी माणसं दिसतात, कुठल्याही कार्यालयात भेटतील अशी. बोरलंड तर अंगाने जाडजूड होता. गाण्यात मात्र तो काहीच राखून ठेवत नाही. मला हा गुण इतर सगळ्या गुणांपेक्षा मोठा वाटतो, आणि बाजाराला नेमका हाच अडचणीचा वाटला असणार.

आता बेसबद्दल. तुम्ही पणजीत आहात, तर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दिवसांत एकदा फोंड्याकडे या आणि एखाद्या घरातली घुमट आरती ऐका. घुमट म्हणजे मडक्याला एका बाजूने कातडं लावलेलं तालवाद्य. शामेळ या ढोलावर काठ्यांचा ताल चालू असतो, कासाळें म्हणजे झांजा वाजत असतात, पण गाणं पुढे ओढून नेतं ते घुमट, आणि घुमटवाला दुसऱ्या हाताच्या तळव्याने मडक्याचं उघडं तोंड झाकत-उघडत त्या खालच्या आवाजालाच बोलायला लावतो. ग्रॅहम बेलीचा बेस तसा आहे. ठेका धरून मागे उभं राहायचं काम तो करत नाही, चाल त्याच्याकडे आहे. बहुतेक रॉक बँडमध्ये बेस काढून टाकला तरी गाणं ओळखता येतं. इथे बेस काढलात तर गाणं उरतच नाही, आणि गिटार मग हवं तेव्हा येऊन हवं तेव्हा निघून जायला मोकळं राहतं.

मडगावचा माझा एक मित्र लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवतो. कोंकणी मांडो, पोर्तुगीज गाणी, इंग्रजी जुनी गाणी, सगळं रात्रभर न थकता वाजवणारा माणूस. त्याला मी ‘स्केलेटन्स’ ऐकवलं. त्याने डोळे मिटून ते पूर्ण ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाला, ‘हो मनीस खंयच वचना, सूर एकूच धरून बसता, आनी तरी म्हाका कंटाळो येना.’ (हा माणूस कुठेच जात नाही, एकच सूर धरून बसतो, आणि तरी मला कंटाळा येत नाही.) वादकाने केलेलं याहून नेमकं वर्णन मला ठाऊक नाही. बेली एका छोट्या आकृतीवर ठाण मांडतो, आणि भोवतीची वाद्यं बदलत जातात म्हणून तीच आकृती प्रत्येक वेळी वेगळी वाटते.

डडलीच्या ड्रम्समध्येही हाच संयम आहे. ‘न्यू डार्क एज’ हे ‘लायन्स माउथ’चं शेवटचं गाणं ऐका. ड्रम्स मोकळी जागा सोडत चालतात, गिटार लांबून येतं, आणि गाणं इतक्या हळू चढतं की आवाज कधी एवढा मोठा झाला ते लक्षात येत नाही. हे गाणं मी बहुतेक वेळा फोंडा-पणजी बसमध्ये ऐकतो, म्हार्दोळ गेलं की लावायचं, जुन्या गोव्याच्या आत संपतं. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर मात्र लावू नका. खालचे स्वर गेले की अर्धा बँड गेला.

‘जेपर्डी’ नंतर घ्या म्हटलं ते यासाठी की तो खरखरीत आहे. ‘लायन्स माउथ’ला ह्यू जोन्सचं निर्मितीचं काम लाभलं. याच ह्यू जोन्सने त्याच वर्षी बनीमेनचा ‘हेवन अप हिअर’ही केला होता. त्याने वाद्यांच्या मध्ये हवा खेळती ठेवली. ‘जेपर्डी’ अगदी कमी पैशांत उरकलेला आहे आणि तसा ऐकू येतो : कोरडा, जवळून, खोलीतल्या खोलीत. एकदा या लोकांची गोडी लागली की हाच कोरडेपणा हवासा वाटतो. ‘आय कान्ट एस्केप मायसेल्फ’ या पहिल्या गाण्यात कडव्यांमध्ये जवळजवळ काहीच वाजत नाही. बेस, ड्रम्स, मधूनच गिटारचा एखादा ओरखडा, आणि दबक्या आवाजात बोलणारा माणूस. मग एकदम स्फोट, आणि तो स्फोट लांबत नाही, लगेच पुन्हा ती शांतता. शांत आणि मोठ्या आवाजाचा हा खेळ पुढच्या दशकातल्या अमेरिकन बँडांनी जगभर लोकप्रिय केला. इथे तो १९८० मध्ये पूर्ण तयार आहे. ‘हार्टलँड’ त्याच्या अगदी उलट, धावतं, की-बोर्डच्या जोरावर उडणारं. आणि ‘मिसाइल्स’.

‘मिसाइल्स’बद्दल थोडं सविस्तर. डिसेंबर १९७९ मध्ये नाटोने पश्चिम युरोपात क्रूझ आणि पर्शिंग ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवायचा निर्णय घेतला. त्यांतली क्रूझ ब्रिटनमध्येही येणार होती. विशीतल्या मुलांना आपण म्हातारे होणार की नाही याची खरोखर शंका होती. गाणं एकच प्रश्न विचारतं : ही क्षेपणास्त्रं करतं तरी कोण? सुरुवातीला तो प्रश्न साध्या सुरात येतो. शेवटाकडे बोरलंड ओरडतो आहे आणि प्रश्न बदललेला नाही. राजकीय गाण्यांत उत्तरं देणाऱ्यांची मला भीती वाटते. हे गाणं प्रश्न सोडत नाही म्हणून आजही जुनं झालेलं नाही. युद्धाची बातमी आली की मला हेच गाणं आठवतं.

मग मागे का पडले? कारणं अनेक आहेत, सगळी सारख्या वजनाची नाहीत.

पहिलं म्हणजे रेकॉर्ड कंपनी. ते कोरोव्हा या लेबलवर होते, हे डब्ल्यूईए या मोठ्या कंपनीचं छोटं लेबल, आणि त्याच लेबलवर बनीमेन होते. बनीमेनकडे देखणा, बोलका गायक होता. जाहिरातीचा जोर कुणाच्या मागे लागणार हे उघड होतं. संगीत साप्ताहिकांनी पहिल्या दोन्ही अल्बमचं भरभरून कौतुक केलं, पण रेकॉर्ड खपल्या नाहीत. तेव्हा कंपनीने तिसरा अल्बम अधिक विकाऊ करा असा आग्रह धरला. बँडने १९८२ मध्ये ‘ऑल फॉल डाउन’ दिला, आधीच्या दोन्हीपेक्षा विचित्र आणि खडतर. कंपनीने हात झटकले आणि करार संपला. काही जण याला हट्टीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. ‘मॉन्युमेंट’ आणि ‘पार्टी ऑफ द माइंड’ ऐका आणि मग ठरवा. चिडून केलेल्या कामात एवढी निगा नसते.

त्यानंतर स्टॅटिक नावाच्या छोट्या लेबलवर १९८४ मध्ये ‘शॉक ऑफ डेलाइट’ ही सहा गाण्यांची रेकॉर्ड आली. नव्या माणसाला मी कधी कधी हीच आधी देतो, कारण ती थोडक्यात आहे आणि तिच्यात उजेड आहे. १९८५ मध्ये ‘हेड्स अँड हार्ट्स’, त्यातलं ‘टोटल रिकॉल’ चालीच्या दृष्टीने त्यांचं सर्वांत सुंदर गाणं असावं. त्याच वर्षी लंडनच्या मार्की क्लबमधला ‘इन द हॉटहाउस’ हा थेट कार्यक्रमाचा अल्बम. १९८७ मध्ये बेल्जियमच्या ‘प्ले इट अगेन सॅम’कडून ‘थंडर अप’. दर वेळी लेबल बदललं की जुन्या रेकॉर्ड दुकानांतून गायब व्हायच्या. नवा श्रोता मागे जाऊन शोधणार कुठे? दुर्लक्ष होण्यामागे अशी रूक्ष कारणं फार असतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

नाव हेही एक कारण. इतक्या सामान्य नावाचा बँड तेव्हाही दुकानात सांगायला अवघड, आज तर इंटरनेटवर शोधायला जवळपास अशक्य. म्हणून बँडचं नाव टाकू नका, अल्बमचं नाव किंवा एड्रियन बोरलंड हे नाव टाका.

एका देशाने मात्र त्यांना ओळखलं : नेदरलँड्स. तिथे त्यांचे कार्यक्रम गाजायचे, रेडिओवर त्यांची थेट वादनं व्हायची. ती डच ध्वनिमुद्रणं २००६ मध्ये वेगवेगळ्या भागांत प्रसिद्ध झाली. स्टुडिओत बांधीव वाटणारी गाणी तिथे दुप्पट जोराने येतात. बोरलंडवरचा २०१६ चा माहितीपटही डच लोकांनीच केला. बोरलंडने पुढे एकट्याने काम केलं तेव्हाही त्याला सांभाळणारा श्रोता प्रामुख्याने तिकडचाच होता. घरच्यांनी न विचारलेल्या माणसाला शेजारच्या गावाने मान दिला, याचा मला त्यांच्या वतीने आजही आनंद होतो.

गोव्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. द साऊंडच्या आधी बोरलंडचा ‘द आउटसायडर्स’ नावाचा पंक बँड होता. १९७७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने त्यांचा अल्बम आईवडिलांच्या घरातच रेकॉर्ड केला आणि कुठल्याही कंपनीशिवाय काढला. वडील शास्त्रज्ञ होते आणि मुलाच्या बँडचं ध्वनिमुद्रण तेच करायचे. इकडे १९८४ मध्ये गोव्याचा गायक-संगीतकार रेमो फर्नांडिसने शिवोलीच्या आपल्या घरात बसून ‘गोअन क्रेझी’ रेकॉर्ड केला, वाद्यं बहुतेक स्वतःच वाजवली आणि कॅसेटी गोवाभर स्वतः नेऊन विकल्या. दोघांचं संगीत अजिबात सारखं नाही. पण कंपनी दारात येईपर्यंत थांबायचं नाही, घरातली खोली आणि हातातलं यंत्र पुरेसं आहे, ही वृत्ती तीच. आज म्हापशात किंवा कुडचड्यात घरी लॅपटॉपवर गाणी करणाऱ्या मुलांना मी आधी रेमोची आणि मग बोरलंडची गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणता तसं इथे सगळीकडे ट्रान्स वाजतं हे खरं, आणि हणजूणच्या किनाऱ्यावर घडलेल्या गोवा ट्रान्सला मी नावं ठेवणार नाही. पण घराघरांत वेगळं काही करणारी ही मुलं आहेत, ती किनाऱ्यावर दिसत नाहीत एवढंच. त्यांच्या छोट्या कार्यक्रमांना जा.

आता सर्वांत अवघड भाग. बोरलंडला गंभीर मानसिक आजार होता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो इतका वाढला की दौरे करणं कठीण झालं, आणि बँड मोडण्यामागे ते एक मोठं कारण होतं. मॅक्स मेयर्स १९९३ मध्ये एड्सशी संबंधित आजाराने गेला. बोरलंड एकट्याने अल्बम करत राहिला, इतरांचे अल्बमही त्याने घडवले, आणि २६ एप्रिल १९९९ रोजी विम्बल्डनमध्ये त्याने आपलं आयुष्य संपवलं. तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता आणि एका नव्या अल्बमचं काम चालू होतं. तो अल्बम ‘हार्मनी अँड डिस्ट्रक्शन’ या नावाने २००२ मध्ये आला.

हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेलच, म्हणून मीच सांगितलं. पण माझी कळकळीची विनंती आहे : गाणी या शेवटाकडून मागे वाचू नका. ‘आय कान्ट एस्केप मायसेल्फ’ ऐकून ‘बघा, तेव्हाच कळत होतं’ असं म्हणणारे खूप भेटतात. ते गाणं लिहिणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा होता, त्याच्यासमोर बँड होता, मित्र होते, आणि तो आपली अवस्था शब्दांत पकडून इतरांपर्यंत पोचवत होता. तेवढं करायला केवढं बळ लागतं ते पाहा. ‘विनिंग’ही त्यानेच लिहिलं आणि ते खोटं ठरलं असं मी मानत नाही. ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी ते खरं होतं, आणि आज बुडायला आलेला कुणी ते ऐकतो त्या दिवशीही खरं असतं. माझ्या घरात एका माणसाच्या आजारपणाच्या वर्षांत हे गाणं आम्हा दोघांच्या उपयोगाला आलं आहे. आमच्यातल्या त्या माणसाला इंग्रजी फारसं येत नव्हतं, शब्दांचा अर्थ मी मराठीतून सांगायचो, पण तो स्वर सांगावा लागला नाही.

(तुम्ही स्वतः अशा काळातून जात असाल तर गाण्यांबरोबर माणसांशीही बोला. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.)

ऐकण्याचा क्रम मी असा ठेवेन : ‘फ्रॉम द लायन्स माउथ’ एका बैठकीत, मध्ये न थांबता. दोन-चार दिवस जाऊ देत, मग ‘जेपर्डी’. त्यानंतर ‘शॉक ऑफ डेलाइट’ आणि ‘इन द हॉटहाउस’. ‘ऑल फॉल डाउन’ घाईने घेऊ नका. तो उशिरा उघडतो आणि उघडल्यावर बराच काळ सोबत राहतो. ‘थंडर अप’ला मी इतरांच्या रांगेत बसवत नाही, पण बोरलंड स्वतः त्याच्यावर खूश होता असं वाचल्यापासून दर वर्षी एकदा तरी पुन्हा लावतो. बोरलंड आणि बेलीने ‘सेकंड लेअर’ या नावाने बाजूला केलेलं यांत्रिक ठेक्यांवरचं कामही आहे, १९८१ चा ‘वर्ल्ड ऑफ रबर’. तो सगळ्यांसाठी नाही. जॉय डिव्हिजनमधला थंडपणाच तुम्हाला अधिक आवडत असेल तर कदाचित तोच सर्वांत जवळचा वाटेल.

आणि हे सगळं संपल्यावर शेफील्डच्या द कॉम्सॅट एंजल्सचा १९८१ चा ‘स्लीप नो मोर’ आणि मिडलटनच्या द कमिलियन्सचा १९८३ चा ‘स्क्रिप्ट ऑफ द ब्रिज’ ऐका. तेही याच रांगेतले, तितकेच दुर्लक्षित. पण त्यांच्याबद्दल वेगळा प्रश्न विचारा, इतक्या लांबीचं उत्तर त्यांनाही द्यावं लागेल.